नाशिकपर्यंतचा श्वास

अनसा, तुला दमा कधीच नव्हता.

तू गेल्यापासून हे एक वाक्य मी तोंडात धरून बसलो होतो. माणसं भेटायला येत होती. बायका पदर डोळ्याला लावून म्हणायच्या, "सुटली बिचारी. दम्यानं लय पिडलं होतं तिला." पुरुष माझ्या शेजारी सतरंजीवर टेकायचे आणि म्हणायचे, "तात्या, तुम्ही मात्र केलं हो तिचं. कुठं कुठं घेऊन हिंडलात." आणि मी मान हलवायचो. तुझा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्याकडं न बघता, उदबत्तीच्या राखेकडं बघून मान हलवायचो.

तू चहाचं आधण ठेवलंस आणि खाली बसलीस, ती उठलीच नाहीस. डोक्यात रक्ताची गाठ अडकली, असं निफाडचे डॉक्टर म्हणाले. छातीचा त्यात काही संबंध नव्हता. तुझी छाती शेवटपर्यंत पक्क्या भाजलेल्या मडक्यासारखी होती, टिचकी मारली तर वाजेल अशी. दमा माझा होता. तू तो आपल्या नावावर घेतलास आणि गावभर मिरवलास, दुसऱ्या बायका नवा दागिना मिरवतात तसा.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर सह्या केल्या आणि द्राक्षाच्या पेट्यांवर नाव टाकलं, एवढंच माझं लिहिणं. तुला हे लिहायला बसलो तेव्हा आपला विलास म्हणाला, "तात्या, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." मी म्हणालो, माझ्या बायकोशी बोलायला मला मध्ये माणूस नको. लेकरू उठून आत गेलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्याच्यावर कशाला ओरडता. तर ओरडलो. आता काय करतेस?

आपल्या गावच्या देवळात सोमवारच्या आरतीला शंख वाजवायचा मान आपल्या घराचा. आजानं वाजवला, बापानं वाजवला, मग माझ्याकडं आला. घंटेचा मान भाऊबंदातल्या कचरूनानाकडं. जुनं ठरलेलं असं, की शंखवाल्या घरात दम राहिला नाही तर शंख घंटेवाल्या घराकडं जाणार. कचरूचं आणि माझं बांधावरून वाकडं, ते तुला काय सांगायचं. जवानीत मी शंख लावला की नदीपलीकडच्या मळ्यातली माणसं काम थांबवून हात जोडायची. लग्न होऊन तू नवीन आलेली, तेव्हा पहिल्यांदा ऐकलास आणि घरी आल्यावर पदराआडून म्हणालीस, "जरा बेतानं वाजवत जा. देव बहिरा नाय." त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आठवला की अजून हसू येतं.

द्राक्षाची बाग लावली आणि छाती बिघडली. भुरीचा रोग पडू नये म्हणून वेलीवर गंधकाची धुरळणी करायचो. तोंडाला फडकं बांधायचो नाही. फडकं बायकांनी बांधावं, असं माझं मत. आधी नुसता खोकला होता. मग पहाटे छातीत मांजरीची पिल्लं ओरडायला लागली. मी म्हणायचो, सर्दी आहे. तू म्हणायचीस, "सर्दी नाकात असती. ही बरगड्यात कशी शिरली?"

नाशिकला छातीच्या डॉक्टरकडं मी काही आलो नसतो. शेवटी तू खोटं बोललीस. म्हणालीस, "माझ्याच छातीत दुखतंय, मला दाखवून आणा." मी लगेच धोतर बदललं. दवाखान्यात बाकड्यावर आपल्या गावची दोन माणसं आधीच बसलेली. कंपाउंडरनं विचारलं, "पेशंट कोण?" मी काही बोलायच्या आत तू पुढं झालीस आणि त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मी हाये. दम लागतो मला."

डॉक्टर तरुण पोरगा. त्यानं तुझ्या पाठीला नळी लावली, इकडून तिकडून ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, काहीच नाही. एकदम स्वच्छ."

तू पदर सावरलास. "मला ठावं हाये. आता यांची बघा."

मी उठून चालू लागणार होतो, पण टेबलाखालून तू माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतंस. फाटला असता. नवा सदरा होता म्हणून बसलो.

मग त्यानं ती प्लास्टिकची नळी काढली. तिच्यावर आकडे आणि एक काटा. म्हणाला, छाती भरून घ्या आणि एका दमात फुंका. तू म्हणालीस, आधी मी बघते. फुंकलीस, आणि काटा टणकन वर गेला. डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुमची छाती तर पैलवानाची." तू लाजलीस, पण खूश झालीस, मी बघत होतो. मग मी फुंकलं. मी, शंखवाला. काटा जरासा हलला आणि तिथंच बसला, उन्हातल्या म्हशीसारखा. परत फुंकलं. परत तेच.

"तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

तू हसली नाहीस. त्या वेळी तू हसली असतीस तर मी परत त्या दवाखान्याची पायरी चढलो नसतो. हे तुला कळत होतं. तुला माझं काय काय कळत होतं, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

त्याच्या भिंतीवर छातीच्या आतलं मोठं चित्र होतं. मी तिकडं पाठ करून बसलो. तू उठून जवळ गेलीस, बोट लावून बघायला लागलीस आणि म्हणालीस, "साहेब, हा तर द्राक्षाचा वेल उलटा टांगलाय." डॉक्टर उठून तुझ्याशेजारी उभा राहिला. "बरोबर ओळखलंत. आम्हालासुद्धा शिकवताना द्राक्षाचे घडच म्हणून सांगतात." मग काय, तू विचारत गेलीस आणि तो सांगत गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी घड्याळाकडं बघत होतो आणि एका कानानं ऐकतही होतो, पण ते तुला दिसू दिलं नाही.

परत येताना एसटी नांदूर नाक्यातून बाहेर पडली आणि तू सुरू झालीस. तू खिडकीत, मी शेजारी.

"आपली बाग उलटी टांगा. खोड वर, घड खाली. नरड्यातून उतरती ती श्वासाची नळी, ते खोड. मोटरीच्या सक्शन पायपाला कशी कडी असतात, ओढताना चेपू नये म्हणून? तशी तिलापण हायेत. मग खोडाला दोन आडवे ओलांडे फुटतात, एक उजवीकडं, एक डावीकडं. ओलांड्यांना काड्या, काड्यांना बारक्या काड्या, अन् शेवटाला घड. मणी एवढे बारीक, डोळ्याला दिसत नायत. त्या मण्यांत हवा भरती. मण्याची साल लय पातळ, अन् सालीला लागून रगत वाहतं. चांगली हवा सालीतून रगतात जाती. वापरलेली हवा रगतातून मण्यात येती, अन् आल्या वाटंनं भाईर."

"आणि नाक कशाला दिलंय? शेंबडाला?" मी म्हणालो.

"नाक म्हणजे आपल्या ड्रीपची जाळी. आतले केस धूळ धरतात, वलसरपणा धरतो, हवा गरम होऊन आत जाती. तुम्ही गंधक उडवताना तोंडानं श्वास घेता, जाळी सोडून पाणी दिल्यासारखं. मग ड्रीप चोंदंल नाय तर काय?"

"म्हणजे माझे मणी सडले म्हण."

"मणी बरे हायेत. काड्या सुजल्यात. आतून बारीक झाल्यात अन् वरून चिकट बसलंय. तुम्हाला वाटतं, श्वास घेता येत नाय. डॉक्टर म्हणला, यांना सोडता येत नाय. जुनीच हवा आत कोंडून ऱ्हाती, मग नवी कुठं जाईल?" आणि मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "तुम्हाला सोडायचं येतंय कुठं? बांध सोडला नाय, भांडण सोडलं नाय. श्वास कसा सोडाल?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी तुला गप्प बस म्हणालो. तू गप्प बसणारी नव्हतीस. थोड्या वेळानं आवाज उतरवून म्हणालीस, "उजव्या फुप्फुसाचे तीन भाग हायेत, डाव्याचे दोनच. का ते इचारा."

मी विचारलं नाही.

"काळजाला जागा लागती म्हणून. डाव्यानं आपली जागा सोडली."

मी म्हणालो, "म्हणजे काळजानं बांध कोरला की."

तू हसलीस. पण मग खिडकीबाहेर बघत बसलीस, चांदोरी येईपर्यंत. मला तेव्हा वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल. आता वाटतं, तू मला काहीतरी देत होतीस आणि मी ते हातात न घेता त्याची चेष्टा केली. विचारायला पाहिजे होतं, का गं. दोन अक्षरं होती.

डॉक्टरनं पंप दिला होता. तोंडात धरायचा, दाबायचा, औषधाची वाफ आत घ्यायची. मी म्हणालो, पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही. हे आपल्याकडं सगळेच म्हणतात, मी काही नवीन काढलं नव्हतं. तू म्हणालीस, "चष्मा लावला तवा डोळे गेले का तुमचे?" मी रागावून पाठ फिरवली.

मागच्या खोलीत दार लावून तू मला शिकवलंस. आधी खाटेवर उताणा झोपवून पोटावर तांदळानं भरलेली वाटी ठेवलीस. म्हणालीस, छाती आणि पोटाच्या मध्ये एक पडदा आहे, तो खाली सरकला की हवा आपोआप आत येते, खांदे उचलायची गरज नाही. "वाटी वर गेली पायजे, खांदे नाय." तांदूळ सांडले की बोलायचीस. पंप मला जमेना. दाबायचो आधी, ओढायचो नंतर, आणि सगळी वाफ तोंडातून बाहेर. तू म्हणायचीस, "धुरळणी करताय का खोलीत? आधी आतलं सगळं सोडा. रिकामे व्हा. मग दाबा अन् सावकाश ओढा. अन् धरून ठेवा."

धरून ठेवताना आकडे मोजायला सांगितलं होतं. आकडे म्हटले की मी घाई करायचो, एकात दोन उरकायचो. म्हणून तू एसटी काढलीस. माझ्यासमोर मांडी घालून, कंडक्टरसारखी, नाशिकच्या वाटेवरचा एकेक थांबा घ्यायचीस. पिंपळस. चांदोरी. चितेगाव. लाखलगाव. शिलापूर. माडसांगवी. नांदूर नाका. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारायचीस: "आलं नाशिक. सोडा."

सुरुवातीला मी चांदोरीलाच उतरायचो, खोकत. तू म्हणायचीस, "तिकीट नाशिकचं काढलंय, फुकट गेलं." मग हळूहळू शिलापूरपर्यंत जायला लागलो. पुढं तर नाशिकही गाठायचो. पण दार लावून. गावात कोणाला कळता कामा नये, ही माझी अट, आणि ती तू पाळलीस. मी म्हणालो नसतो तरी पाळली असतीस. तू माझ्यापेक्षा जास्त माझी अब्रू जपलीस.

पंप तुझ्या कमरेच्या चंचीत असायचा, सुपारी-अडकित्त्याशेजारी. लग्नात, साखरपुड्यात, ग्रामसभेत माझी छाती वाजायला लागली की मला कळायच्या आधी तुला कळायचं. मांडवाच्या त्या टोकाला बायकांत बसलेली तू जोरात खोकायला लागायचीस. उठून माझ्याकडं यायचीस, "अहो, मला दम लागलाय, जरा भाईर चला." मी कपाळाला आठ्या घालून, बायकोपायी हैराण झालेला नवरा म्हणून तुझ्यामागं जायचो. कुठल्या तरी भिंतीआड तू पंप काढायचीस. मी घ्यायचो. तू बाहेर बघत उभी राहायचीस आणि पुटपुटायचीस, पिंपळस, चांदोरी. मग परत मांडवात. लोक विचारायचे, "काकू, बरं वाटतंय का?" तू छातीवर हात ठेवून म्हणायचीस, "आता बरं हाये."

कोजागिरीला देवळा तालुक्यातल्या एका गावात दम्याचं औषध खिरीतून द्यायचे. चांदण्यात ठेवलेली खीर, उजाडायच्या सुमाराला खायची आणि मग चालत राहायचं. गावची जीप भरून जायची. तू दमेकरी म्हणून रांगेत उभी राहायचीस, "यांनापण द्या, सोबत उपाशी आलेत" म्हणून दुसरा द्रोण घ्यायचीस. एका वर्षी जाताना वाटेत तू इतकं खोकलीस, की शेजारची म्हातारी तुझी पाठ चोळायला लागली. मग तुला खरंच ठसका लागला, आणि मला हसू आवरेना. म्हातारी मला म्हणाली, "बायको मरायला टेकली अन् हा माणूस हसतोय." खिरीनं काही झालं नाही. गोड होती, एवढं खरं.

पण ओझरचं हसण्यावारी गेलं नाही.

तुझा भाऊ तिथं विमानाच्या कारखान्यात. त्याच्या पोरीचं लग्न. तुझ्या गळ्याला तुझ्या माहेरी मान होता. हळद लागताना गाणं उचलायचं ते तूच, असं लहानपणापासून ठरलेलं. एक ओळ तू घ्यायची आणि मध्ये श्वास न मोडता दुसरीपर्यंत न्यायची. बाकीच्या बायका मागून धापा टाकत यायच्या. त्या दिवशी तू पदर खोचून बसलीस, आणि तुझी भावजय म्हणाली, "अक्का, तुम्ही नका. तुम्हाला धाप लागंल. तुम्ही आपल्या बसून ऐका."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. तू माझ्याकडं बघितलंस. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं मला, की तिला काही झालेलं नाही, गाऊ द्या. भाऊबंद म्हणून लग्नाला आलेला कचरू माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो.

तू हळदीचं ताट धरून कोपऱ्यात बसलीस. गाणं दुसऱ्याच कुणी उचललं, मधेच पाडलं. तुझे ओठ हलत होते. परत येताना गाडीत तू ते सगळं गाणं हळू आवाजात म्हणालीस, पहिल्यापासून शेवटापर्यंत, खिडकीकडं तोंड करून. मी झोपलोय असं दाखवलं. जागा होतो. प्रत्येक ओळ ऐकली. एका श्वासात केवढं मावतं बाईच्या, असं वाटलं. ते तुला सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. आता सांगतो. लय चांगलं म्हणालीस.

शंखावरून आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. पंप घेऊनसुद्धा काही सोमवारी दम पुरायचा नाही. आवाज मधेच तुटायचा. आणि नेमका तेव्हा कचरू घंटा बडवायला लागायचा, देऊळ दणाणून जाईल अशी. मी घरी येऊन आदळआपट करायचो. "मुद्दाम करतो तो. माझा शंख कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून करतो. जळतोय माझ्यावर." तू ताट वाढत म्हणायचीस, "बडवू द्या. देवाची घंटा हाये, तुमच्या टाळक्यात तर नाय मारली." मी म्हणायचो, तू त्याची बाजू घेतेस. तू म्हणायचीस, "भात घ्या."

जायच्या थोडेच दिवस आधी आपण ओट्यावर बसलो होतो. तू लसूण सोलत होतीस. म्हणालीस, "एक काम करा माझं. एकदा, फक्त एकदा, पंप चारचौघांत घ्या. बघू आभाळ पडतंय का."

मी म्हणालो, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

तू पाकळी सोलून वाटीत टाकलीस. "अन् माझ्या?"

मला वाटलं, तू अशीच शब्दाला शब्द देतेस. मी उठून बागेत निघून गेलो. तू काय विचारलंस ते मला तुझ्या दहाव्याला कळलं.

दहाव्याला नदीवर गर्दी झाली. पिंड ठेवला आणि हात बाजूला घेतो न घेतो तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, "तृप्त होऊन गेली. काही इच्छा राहिली नाही." मला कावळ्याचा राग आला. बसला असता झाडावर, अडून राहिला असता, तर मी पुढं होऊन काहीतरी कबूल केलं असतं. तू तिथंसुद्धा माझ्यावर वेळ येऊ दिली नाहीस.

प्रवचन झालं. मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. कचरूनाना उभा राहिला. म्हणाला, "वहिनींनी आयुष्यभर दम्याशी झुंज दिली, पण कधी तोंडातून हूं काढलं नाही." पुढं बरंच बोलला. मला ऐकू येईना. धूप पेटवला होता, गाड्यांनी धुरळा उठवला होता, आणि माझ्या छातीत पिल्लं ओरडायला लागली होती. हवा आत कोंडली. डोळ्यांपुढं माणसं पिवळी दिसायला लागली. मी काय केलं सांगू? मी बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. सवयीनं. तुझ्या खोकल्याची वाट बघत होतो.

कोणी खोकलं नाही.

तुझी चंची माझ्या बंडीच्या खिशात होती. तू गेलीस त्या दिवसापासून ती मी कोणाला हात लावू दिली नव्हती. भिंतीआड जायला भिंतही नव्हती, मोकळा घाट. मी सगळ्यांच्या मधोमध उभा राहिलो. विलास उठायला लागला, त्याला हातानं खाली बस म्हणालो. पंप काढला. आधी आतलं सोडलं, जेवढं सुटेल तेवढं. मग तोंडात धरला, दाबला, सावकाश ओढला. कचरू बोलता बोलता थांबला. माईक नुसता गुणगुणत राहिला. मी धरून ठेवलं. पिंपळस. चांदोरी. चितेगावला श्वास सुटला.

दम जागेवर आल्यावर मी म्हणालो, "दमा हिला नव्हता. मला आहे."

कोणी दचकलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून परत म्हणालो, मोठ्यानं. माणसं खाली बघत होती. एक म्हातारी रडत होती, पण ती आधीपासूनच रडत होती.

संध्याकाळी कचरूनाना घरी आला. बांधाचं झाल्यापासून त्यानं आपला उंबरा ओलांडला नव्हता. ओट्यावरच बसला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "तात्या, गावाला केव्हाचं ठावं हाये. दम्याची बाई दोन हंडे घेऊन नदीचा चढ चढती व्हय? अन् वर येऊन भांडती?"

"मग आज माईकवर दमा कशाला म्हणालास?"

"तुमच्यापुढं दुसरं काय म्हणू? वहिनीला शब्द दिला होता. तुमच्यादेखत कुणी बोलायचं नाय."

तोच पुढं म्हणाला, "घंटेचंपण तसंच. एकदा आमच्या दारात येऊन हात जोडले त्यांनी. म्हणल्या, नाना, यांचा शंख तुटायला लागला की घंटा जोरात धरा. गावाला कळलं तरी चालंल, यांना कळू देऊ नका, की गावाला कळलंय."

अनसा, मी ज्या घंटेला इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती तूच जोरात वाजवायला लावली होतीस. ताट वाढत "भात घ्या" म्हणताना तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला तुझा राग आलाय. खरंच सांगतो, आलाय. गावाला माहीत होतं तर मला सांगायचंस. मी चिडलो असतो, जेवलो नसतो, दोन दिवस बागेत झोपलो असतो. पण ओझरला तू गायली असतीस. ओझरच्यांना कुठं काय माहीत होतं? तिथं तुझं खोटं खरं मानलं गेलं आणि तुझं गाणं गेलं. त्याची भरपाई आता मी कोणाला देऊ?

देव्हाऱ्यातून शंख आणून मी कचरूपुढं ठेवला. म्हणालो, घेऊन जा, ठरल्याप्रमाणे तुझा झाला. त्यानं तोंड उघडून मला आतलं दाखवलं. "समोरचे चारी दात गेलेत. माझा शंख वाजायच्या ऐवजी थुंकंल. सोमवारी तुम्हीच या. जमंल तेवढा वाजवा. मी घंटा हळू धरतो."

तेरावं झाल्यावर पहिल्या सोमवारी गेलो. वाजवला. दम संपला तिथं आवाज तुटला आणि सगळ्यांना तुटलेला ऐकू गेला. कचरूनं घंटा हळूच धरली होती. आरती पुढं चालू राहिली. देव बहिरा नाही, तू म्हणाली होतीस.

आता रोज सकाळी ओट्यावर बसून पंप घेतो. डेअरीला दूध घेऊन जाणारी माणसं समोरून जातात. कोणी राम राम करतं, कोणी नाही. आभाळ पडलं नाही. उरलेली हवा सोडून रिकामा होतो, ओढतो, आणि धरून ठेवतो. मनातल्या मनात एकेक थांबा घेतो, पण तुझ्या आवाजात. काल चांगलं जमलं. लाखलगाव गेलं, शिलापूर गेलं, माडसांगवी, नांदूर नाका. नाशिक आलं. आणि मी धरूनच बसलो. गुडघ्यावर थाप पडायची वाट बघत होतो. सोडा, असं कोणी म्हणालं नाही.

मग छातीनं आपणच सोडलं.